टर्बो गाडी बघायला सकाळीच जा

कापसाचे पैसे हाती आले की गावातल्या एखाद्या पोराच्या डोक्यात फोक्सवॅगनची जुनी पोलो जीटी टीएसआय शिरते. २०१३ मध्ये आलेली ही टर्बो गाडी १.२ लिटरच्या इंजिनातून १०५ पीएस ताकद काढते. विकणारा म्हणतो, ‘कशी पयते पाय ना भाऊ!’ पळते खरीच. पण ती सुरू होण्याआधी बोनेटला हात लावा. मे महिन्यात पांढरकवड्याच्या उन्हात कुठलंही बोनेट चटकाच देणार, म्हणून सकाळीच जा. मालकाने आधीच इंजिन गरम करून ठेवलं असेल, तर सरळ दुसऱ्या दिवशी या.

गार इंजिन काही लपवत नाही. धातू तापून फुगला की झिजलेल्या भागांमधल्या फटी कमी होतात, खडखड दबते. सुरू करताच निळसर धूर आला तर ऑइल जळतंय. पांढरा धूर थांबतच नसेल आणि वास गोडसर असेल, तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, सिलिंडरमध्ये उतरत असण्याची शक्यता मोठी.

खरी मेख टर्बोत, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्यात आहे. इंजिनातून बाहेर पडणारा वायू त्याचं चाक मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांपर्यंत फिरवतो, आणि त्याचा दांडा तरंगतो ऑइलच्या पातळ थरावर. पेट्रोल गाडीत हा वायू ९०० अंशांच्या घरात तापू शकतो. समृद्धीवर दामटून गाडी लगेच बंद केली, की आत अडकलेलं ऑइल करपून त्याचा कोळसा होतो. जुनं ऑइल तर आणखी लवकर करपतं. त्यामुळे किलोमीटरच्या आकड्यापेक्षा ऑइल बदलल्याची बिलं मागा. आकडा मागे फिरवता येतो.

आपल्याकडे आणखी एक शत्रू आहे, काळ्या मातीची धूळ. एअर फिल्टरच्या पुढच्या, इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपात बोट फिरवून पाहा. बोटाला माती लागली तर ती टर्बोची पाती आणि सिलिंडर घासत आत गेली आहे. हौसेने उघडा स्पोर्ट्स फिल्टर लावलेल्या गाडीत हे आवर्जून बघा.

गिअरबॉक्ससाठी मोकळा हायवे नको, आठवडी बाजाराची गर्दी बरी. या गाडीचा सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, कोरड्या क्लचचा आहे. उष्णता ओढून न्यायला तिथे ऑइल नसतं. रांगत जाताना पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथर जाणवली, तर खर्च मोठा समजा.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाड वाचणारा स्कॅनर लावाच. बिघाडाचे कोड नुकतेच पुसले असतील तर काही तपासण्या ‘अपूर्ण’ दिसतात. टायरवर ‘३२१९’ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा. आणि चारही टायर चार कंपन्यांचे असतील, तर मालकाने ऑइलवरही काटकसर केली असावी, असा माझा तरी संशय.