याश (रोमानिया)

याश : रोमानियाच्या ईशान्य टोकाला बाहलुई नदीकाठी वसलेले शहर, मोल्डेव्हिया या जुन्या राज्याची एके काळची राजधानी. रोमानियन लेखनात नावाच्या शेवटी ‘इ’ असते, पण बोलताना ती जेमतेम ऐकू येते. म्हणून मराठीत ‘याश’ हेच रूप जवळचे. जुन्या युरोपीय नकाशांत हे गाव ‘यासी’ किंवा ‘जासी’ म्हणून भेटते. लोकसंख्या २,७१,६९२ (२०२१). मोल्डोव्हा प्रजासत्ताकाची सरहद्द येथून पूर्वेला फार दूर नाही. राजधानी बुखारेस्ट मात्र नैर्ऋत्येला चारशे किलोमीटरच्या आसपास. राजधानीपासूनचे हे अंतर शहराच्या वाङ्मयीन इतिहासात पुन:पुन्हा आडवे येते. याशने काहीतरी उभे करावे आणि पुढे ते बुखारेस्टला जावे, असे इथे एकदा नव्हे, अनेकदा घडले.

गावाचा पहिला लेखी उल्लेख १४०८ सालचा, तोही व्यापाऱ्यांना दिलेल्या एका सनदेतला. १५६४ मध्ये आलेक्सांद्रू लापुश्न्यानू या राजाने दरबार येथे आणला. राज्य तुर्की सुलतानाचे मांडलिक, त्यामुळे गादीवरची माणसे भराभर बदलत. तरी सतराव्या शतकात वासिले लुपू याच्या कारकिर्दीत शहराला थोडी उसंत मिळाली. बाहेरून पायापासून माथ्यापर्यंत दगडी नक्षीने मढवलेले ‘त्रेइ येरार्ही’ हे चर्च (१६३९) त्याने बांधले, छापखानाही आणला. त्या छापखान्यातून १६४३ मध्ये धर्माध्यक्ष वार्लाम याचा प्रवचनसंग्रह बाहेर पडला. मोल्डेव्हियात रोमानियन भाषेत छापलेले हे पहिले पुस्तक. तोवर चर्चची भाषा जुनी स्लाव्हिक. लोकांच्या बोलीत देवाविषयी छापून बोलणे हीच मोठी गोष्ट होती. त्यानंतर तीस वर्षांनी दोसोफ्तेइ या धर्माध्यक्षाने बायबलमधील स्तोत्रे रोमानियन पद्यात उतरवली (१६७३), मात्र ती छापायला त्याला पोलंडच्या राज्यातील उनियेव्ह येथे जावे लागले. त्याचे नाव दिलेले कमानींचे दगडी घर आज जुन्या साहित्याचे संग्रहालय आहे.

एकोणिसाव्या शतकात गावाने कात टाकली. गेओर्गे असाकी याने १८१६ मध्ये रोमानियन भाषेतला पहिला नाट्यप्रयोग येथे केला आणि १८२९ मध्ये वृत्तपत्र सुरू केले. त्याचे नाव ‘रोमानियन मधमाशी’. १८४० मध्ये इतिहासकार मिहाईल कोगाल्निच्यानू याने ‘दाचिया लितेरारा’ हे नियतकालिक काढले. भाषांतरे म्हणजे साहित्य नव्हे, आपला इतिहास, आपला निसर्ग आणि आपले रीतिरिवाज लिहायला घ्या, असे त्याने पहिल्याच अंकात बजावले. त्याच अंकात कोस्ताके नेग्रुझी याची लापुश्न्यानू राजावरची कथा आली. ज्या राजाने राजधानी याशला आणली, त्याच्याच क्रौर्याची ही गोष्ट रोमानियन ऐतिहासिक कथेचा आरंभ मानली जाते. तीन अंक निघाले आणि सरकारने नियतकालिक बंद पाडले. तीन अंकांच्या नियतकालिकाला वाङ्मयेतिहासात एवढी जागा क्वचितच कुणी दिली असेल.

१८५९ मध्ये मोल्डेव्हिया आणि वालाकिया ही दोन राज्ये एका राजाखाली आली. या एकीकरणासाठी याशमधल्या मंडळींनीच हिरिरीने खटपट केली होती आणि तिची किंमतही याशनेच मोजली. १८६२ पासून राजधानी बुखारेस्ट झाली. कचेऱ्या गेल्या, वकिलाती गेल्या. मागे राहिले १८६० मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ, देशातले पहिले आधुनिक विद्यापीठ.

या ओस पडू लागलेल्या गावात १८६३ मध्ये परदेशांतून शिकून आलेले पाच तरुण एकत्र आले : तितू मायोरेस्कू, पेत्रे कार्प, वासिले पोगोर, याकोब नेग्रुझी आणि थेओदोर रोसेटी. मंडळाला त्यांनी नाव दिले ‘जुनिम्या’, म्हणजे तरुणाई. सार्वजनिक व्याख्यानांपासून सुरुवात झाली. १ मार्च १८६७ रोजी नेग्रुझीच्या संपादकत्वाखाली ‘कोन्वोर्बीरी लितेरारे’ (वाङ्मयीन संवाद) हे मासिक निघाले. रोमानियन भाषा त्याच सुमारास सिरिलिक लिपी सोडून रोमन लिपीत येत होती आणि शुद्धलेखनावरून पंडितांत जुंपली होती. लॅटिन व्युत्पत्ती दाखवण्यासाठी शब्द वाकडेतिकडे लिहिण्यापेक्षा उच्चाराप्रमाणे लिहा, ही मायोरेस्कूची बाजू. शेवटी तीच बव्हंशी टिकली. १८६८ मध्ये त्याने आणखी मोठा वाद ओढवून घेतला. पश्चिमेकडून विद्यापीठे, अकादम्या, संविधाने उचलून आणली, पण आत माल नाही, अशी त्याची टीका होती. ‘आशयाविना आकार’ हा त्याचा शब्दप्रयोग रोमानियन राजकारणात आजही कामी येतो.

मंडळाच्या बैठका मात्र या गंभीर मतांना न शोभणाऱ्या. ‘ज्याला यायचे तो येवो, ज्याला जमेल तो टिको’ हे फ्रेंचमधले ब्रीद, आणि चर्चा कितीही रंगली तरी कुणाला चुटका आठवला तर आधी चुटका, हा अलिखित नियम. जे काही न बोलता कोपऱ्यात बसत आणि चहाफराळाच्या वेळी जागे होत त्यांना ‘काराकुदा’, म्हणजे किरकोळ मासळी, म्हणत. हस्तलिखित मोठ्याने वाचायचे आणि टवाळी सहन करायची. तेथे जे तरले ते छापले जाई. आयन लुका कारागियाले याने ‘वादळी रात्र’ हे प्रहसन १८७८ मध्ये याशला येऊन याच मंडळासमोर वाचले. पुढे अनेकदा शहराचा महापौर झालेल्या पोगोरचे घर हे बैठकींचे एक ठिकाण. ते १९७२ पासून साहित्य संग्रहालय आहे.

मिहाई एमिनेस्कू (१८५०–८९) हा रोमानियाचा राष्ट्रकवी मानला जातो. तो बोतोशानचा, व्हिएन्ना आणि बर्लिन येथे शिकून १८७४ मध्ये याशच्या मध्यवर्ती ग्रंथालयाचा प्रमुख म्हणून आला. पुढच्या वर्षी शाळातपासनीस झाला आणि १८७६ मध्ये सरकार बदलताच नोकरी गेली. ग्रंथालयात त्याच्या जागी आलेल्या माणसाने, तोही कवीच, पुस्तके गहाळ केल्याचा ठपका त्याच्यावर ठेवला. चौकशीत काही निष्पन्न झाले नाही. पोटासाठी एमिनेस्कू ‘कुरियेरूल दे याश’ या पत्रात लागला. चुकार गुराढोरांच्या जाहीर नोटिसा त्यात छापून येत, म्हणून तो स्वतःच त्याला ‘चुकार गुरांचे पत्र’ म्हणे. १८७७ च्या शरदात तो बुखारेस्टला गेला. १८८३ मध्ये त्याचे मन ढासळले, आणि त्यानंतर तो याशला परतला तो त्याच ग्रंथालयात, या खेपेला दुय्यम ग्रंथपाल म्हणून.

भारतीय वाचकाला एमिनेस्कू अनोळखी वाटू नये. त्याच्या ‘पहिले पत्र’ या दीर्घ कवितेतले विश्वोत्पत्तीचे वर्णन, जेव्हा असणेही नव्हते आणि नसणेही नव्हते, ते ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्ताच्या आधाराने लिहिलेले आहे. आयुष्याच्या अखेरच्या आजारी वर्षांत त्याने फ्रान्झ बॉप याच्या संस्कृत व्याकरणाचा काही भाग रोमानियन भाषेत उतरवला. कलकत्त्याच्या अमिता भोस यांनी एमिनेस्कू बंगालीत आणला (१९६९) आणि नंतर रोमानियातच राहून ‘एमिनेस्कू आणि भारत’ हा ग्रंथ रोमानियन भाषेत लिहिला. तो १९७८ मध्ये याशच्याच ‘जुनिम्या’ या प्रकाशनसंस्थेने काढला.

एमिनेस्कूने याशला दिलेली सर्वांत मोठी भेट मात्र कविता नव्हे, एक माणूस आहे. इओन क्र्यांगा हा हुमुलेश्तचा शेतकऱ्याचा मुलगा, चर्चमधला डीकन (धर्मगुरूचा दुय्यम) आणि प्राथमिक शाळेतला मास्तर. नाटकाला गेला, केस कापले आणि चर्चच्या छपरावरच्या कावळ्यांवर बंदूक झाडली, या अपराधांसाठी १८७२ मध्ये त्याला धर्मसेवेतून काढले; पाठोपाठ मास्तरकीही गेली. त्याने तंबाखूचे दुकान टाकले. मायोरेस्कू शिक्षणमंत्री झाल्यावर शाळा परत मिळाली. १८७५ मध्ये शाळा तपासायला आलेल्या एमिनेस्कूने त्याच्या तोंडून गावाकडच्या गोष्टी ऐकल्या आणि त्याला ओढून जुनिम्यात नेले. त्या वर्षी ऑक्टोबरात ‘सासू आणि तिच्या तीन सुना’ ही कथा मासिकात छापून आली आणि अडतिशीच्या उंबरठ्यावरचा मास्तर लेखक झाला. ‘बालपणीच्या आठवणी’ हे त्याचे पुस्तक आज शाळकरी मुलांना तोंडपाठ असते. त्याचे गद्य भाषांतरात फार गळते. म्हणी, शिव्या, हेल यांवरच ते उभे आहे.

क्र्यांगाचे घर त्सिकाऊ या उतारावरच्या वस्तीत. दोन खोल्या, मातीच्या भिंती, मागे दरीकडे तोंड केलेली ओसरी, आणि मांजरे. अशा घराला तिथे ‘बोझ्देउका’ म्हणतात. आपल्याकडचे ‘खोपटे’ त्याला चपखल. नोकरी गेल्यावर १८७६ मध्ये एमिनेस्कू काही महिने येथेच राहिला. १८८९ च्या जूनमध्ये एमिनेस्कू गेला, ऑगस्टमध्ये त्याची प्रेयसी, कवयित्री वेरोनिका मिक्ले, आणि ३१ डिसेंबरला क्र्यांगा. खोपटे १५ एप्रिल १९१८ रोजी लोकांसाठी उघडले. रोमानियातले हे पहिले लेखकस्मारकगृह. वेरोनिका ही विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाची पत्नी होती. गावगप्पांचा धुरळा बसायला वेळ लागला; दोघांचा मोठा पत्रव्यवहार २००० साली पहिल्यांदा छापला गेला. कोपोऊ बागेतल्या लिंडनच्या जुन्या झाडाखाली एमिनेस्कू बसे असे सांगतात. आता ते झाड लोखंडी पट्ट्यांनी बांधून उभे ठेवले आहे आणि शालेय सहली तेथे न चुकता फोटो काढतात.

एवढ्यावर थांबले तर शहराचा अर्धा भाग सुटतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याशची जवळजवळ निम्मी वस्ती ज्यूंची होती. १८७६ मध्ये आव्रम गोल्डफाडेन याने ‘हिरवे झाड’ नावाच्या उपाहारगृहाच्या बागेत यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची बोली) भाषेतले नाट्यप्रयोग केले. जगातील व्यावसायिक यिडिश रंगभूमीचा प्रारंभ हाच धरतात. त्या खेळांवर ‘कुरियेरूल’मध्ये लिहिणारा समीक्षक होता एमिनेस्कू. गाणे आणि अभिनय त्याला आवडले, नाटक म्हणून फारसे काही हाती लागले नाही. (ज्यूंविषयी त्याचे पुढचे राजकीय लेखन कडवट आहे, आणि त्याच्या भक्तांना ते वाचायला आवडत नाही.) इस्रायलचे राष्ट्रगीत झालेली ‘हातिक्वा’ ही कविता नाफ्ताली हर्ट्झ इम्बर याने याशला मुक्कामी असतानाच लिहायला घेतली, असे मानले जाते. बेंजामिन फोंदान हा कवी-तत्त्वज्ञ याशलाच जन्मला (१८९८), १९२३ मध्ये पॅरिसला गेला आणि फ्रेंच लेखक म्हणून नावारूपाला आला. १९४४ मध्ये ऑशवित्झमध्ये त्याला ठार मारले गेले.

दरम्यान बुखारेस्टने पुन्हा हात पुढे केला होता. मायोरेस्कू १८७४ मध्येच गेला, १८८५ मध्ये ‘कोन्वोर्बीरी लितेरारे’ हे मासिकही गेले. याशने दुसरे काढले. ‘व्यात्सा रोमान्यास्का’ (रोमानियन जीवन) १९०६ मध्ये सुरू झाले. त्याचा आत्मा गाराबेट इब्राइल्यानू. हा समीक्षक रात्रभर जागे, दिवसा झोपे आणि जंतूंना इतका भिई की त्याच्या हात धुण्याच्या कथाच झाल्या. शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहणारे हे मासिक. पण त्याची खरी कमाई म्हणजे त्याने गोळा केलेली माणसे. विनोदी कवी जॉर्जे तोपिर्च्यानू १९११ मध्ये इब्राइल्यानूच्या बोलावण्यावरून बुखारेस्टहून आला, उलट्या दिशेचा हा प्रवास अपवादच. कवयित्री ओतिलिया काझिमिर त्याची आयुष्यभराची सोबतीण. मिहाईल सादोव्यानू राष्ट्रीय नाट्यगृहाचा संचालक होता आणि पुढे कोगाल्निच्यानूच्याच जुन्या घरात राहिला. तेओदोर्यानू बंधूंपैकी इओनेल याने ‘ला मेदेलेन’ ही हळवी कादंबरी लिहिली, तर थोरला पास्तोरेल वाइन आणि चिमटे काढणाऱ्या चारोळ्यांसाठी प्रसिद्ध. साम्यवादी राजवटीत तो तुरुंगात गेला. यांतले इओनेल सोडता बहुतेक बाहेरगावचे. गावात जन्मलेले निघून जातात आणि बाहेरून आलेले ‘याशचे’ म्हणून ओळखले जातात, ही इथली रीत. १९३० मध्ये हेही मासिक बुखारेस्टला गेले.

जून १९४१ च्या शेवटच्या दिवसांत याशमध्ये ज्यूंची कत्तल झाली. सैनिक, पोलीस आणि काही नागरिक यांनी हजारोंना मारले. उरलेल्यांना उन्हाळ्याच्या काहिलीत बंद मालडब्यांत कोंबून, पाण्याविना, दोन आगगाड्यांतून फिरवले. रोमानियन अधिकाऱ्यांच्याच आकड्याप्रमाणे मृत १३,२६६. इटालियन लेखक कुर्त्सियो मालापार्ते याने ‘कापुत’मध्ये याचे वर्णन केले, मात्र त्याने स्वतः किती पाहिले याविषयी इतिहासकार साशंक आहेत. रोमानियन पुस्तकांत ही घटना साम्यवादी काळात बराच काळ पुसट राहिली.

युद्धानंतर शहरात कारखाने आणि सिमेंटच्या चाळवजा इमारती आल्या. लेखकांची घरे एकेक करून संग्रहालये झाली. १९९५ मध्ये स्थापन झालेली ‘पोलिरोम’ ही देशातल्या मोठ्या प्रकाशनसंस्थांपैकी एक, आणि तिचे मुख्य कार्यालय याशलाच आहे. २०१३ पासून साहित्य आणि अनुवाद यांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव येथे भरतो. गेलेल्यांपैकी एक परतही आले. १९४४ मध्ये बंद पडलेले ‘कोन्वोर्बीरी लितेरारे’ हे नाव १९७० मध्ये याशच्या एका स्थानिक मासिकाने पुन्हा धारण केले. १४ डिसेंबर १९८९ रोजी, साम्यवादी हुकूमशहा चौशेस्कू याची राजवट कोसळण्याच्या आठवडाभर आधी, याशच्या चौकात निदर्शनाचा बेत फसला. अटक झालेल्यांत कास्सियान मारिया स्पिरिदोन नावाचा एक इंजिनिअर-कवी होता. पुढे तोच या मासिकाचा संपादक झाला.