सेकंदाला किती वेळा? थरथरणारी एसयूव्ही घेण्याआधी

मोठी एसयूव्ही घ्यायचं घरात ठरलेलं असतं. आईवडिलांना अंबाजोगाईहून लातूरच्या दवाखान्यात न्यायला, लग्नसराईत सात माणसं आणि त्यांचं सामान बसवायला, पावसाळ्यात शेतरस्त्याने वस्तीपर्यंत पोचायला मराठवाड्यात अशा गाडीचा उपयोग खराच आहे. मॉडेल पसंत पडलेलं असतं, बँकेशी बोलणंही झालेलं असतं. आणि मग तीच गाडी आधी घेतलेले दोघे-तिघे एकच गोष्ट सांगतात: नव्वद-शंभरच्या पुढे केबिन थरथरते, शोरूमला अनेकदा दाखवली, फरक पडला नाही. शोरूममध्ये विचारलं तर उत्तर मिळतं, “साहेब, एवढ्या मोठ्या गाडीला एवढं व्हायब्रेशन राहतंच.”

या उत्तरावर समाधान मानू नये. चाक, शाफ्ट, इंजिन, रस्ता आणि केबिनमधली हवा, प्रत्येकाची हलण्याची गती वेगळी असते आणि ती मोजता येते. सेकंदाला किती वेळा थरथरते हे समजलं की घोडं कुठे पेंड खातंय ते बहुतेक वेळा समजतं. काही थरथर अर्ध्या तासाच्या कामाने जाते, काही गाडीच्या बांधणीतच असते आणि कधीच जात नाही. पंचवीस-तीस लाख देण्याआधी आपली थरथर यातली कोणती, हे ठरवायलाच हवं.

सुरुवात चाकापासून करू. मोठ्या एसयूव्हीच्या टायरचा घेर साधारण २.४ मीटर असतो. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. भागाकार केला की चाक सेकंदाला साडेअकरा ते बारा वेळा फिरतं. ताशी ८० ला नऊच्या थोडं वर, १२० ला जवळजवळ चौदा. आता रिमच्या कडेला एका बाजूला २० ग्रॅम वजन जास्त आहे असं धरा. ताशी ६० ला ते चाकाला एक किलो वजनाच्या जवळपास जोराने बाहेर ओढतं, १०० ला अडीच किलोने, १२० ला साडेतीन किलोहून जास्त. वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो. आणि तो दर फेरीला दिशा बदलत असल्याने चाक सेकंदाला बारा वेळा वर-खाली, पुढे-मागे खेचलं जातं.

इथवरचा हिशेब लहान गाडीलाही लागू आहे. मोठ्या गाडीची खरी अडचण पुढे आहे. स्प्रिंगवर टेकलेल्या प्रत्येक वस्तूची स्वतःची एक हलण्याची गती असते, आणि बाहेरचा धक्का नेमक्या त्याच गतीने बसू लागला की हालचाल भरमसाट वाढते. याला अनुनाद म्हणतात. विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन बंद करताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. पूर्ण वेगात ते एका लयीत चालत असतं, पण थांबता थांबता मधल्या एका गतीला पाया, पाइप, सगळंच गदागदा हलतं आणि लगेच शांत होतं. ती गती पार होईपर्यंतच काय तो गोंधळ.

गाडीत टायरचं रबर आणि स्प्रिंग यांच्या मध्ये अडकलेल्या चाक-अ‍ॅक्सलची अशी स्वतःची गती सेकंदाला १० ते १५ वेळा असते. चेसिसवर बांधलेल्या एसयूव्हीत बॉडी रबरी माउंटिंगवर बसवलेली असते, तिची गतीही याच्या फार लांब नसते. मागचा सलग अ‍ॅक्सल जड असेल तर त्याची गती या पट्ट्याच्या खालच्या टोकाकडे, दहा-बाराच्या घरात येते. आणि ९० ते ११० च्या वेगाला मोठं चाकही नेमकं तितक्याच वेळा फिरत असतं. लहान गाडीचं चाक घेराने कमी, सुमारे १.९५ मीटर; ते ताशी १०० ला सेकंदाला चौदा वेळा फिरतं, आणि त्याचा सांगाडा हलका असल्याने त्याची जुळणी वेगळ्या ठिकाणी होते. मोठ्या गाडीचं बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं ठेवणं, थोडं चुकलं तरी शंभरच्या आसपास स्टिअरिंग, सीट आणि मधला आरसा एकदम थरथरतात, आणि १२० ला काही वेळा पुन्हा शांत होतात, ते यामुळे.

मला वाटतं, आपल्याकडे ही तक्रार अलीकडे जास्त ऐकू येण्याचं कारणही यातच आहे. खड्डे चुकवत साठ-सत्तरने जाणाऱ्या रस्त्यांवर गाडी या पट्ट्यात कधी टिकूनच राहत नव्हती. नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, आणि ७०१ किलोमीटरचा पूर्ण मार्ग ५ जून २०२५ ला. आता जालना किंवा छत्रपती संभाजीनगरहून वर चढलेला माणूस तासभर एकाच वेगात जातो. जो दोष पूर्वी दोन सेकंदांत मागे पडायचा, तो आता सोबत प्रवास करतो.

चाकाची थरथर बहुतेक वेळा बरी होते, पण तिची दोन साधी कारणं आधी बाजूला काढा. काळी चिकण माती रिमच्या आतल्या बाजूला चिकटते आणि वाळून दगडासारखी होते. शेतातून आलेली गाडी तशीच हायवेला घातली तर २० ग्रॅमच काय, त्याच्या कितीतरी पट वजन एका बाजूला असतं. रिम आतून धुतल्याशिवाय कुणी ‘बॅलन्सिंग गेलंय’ म्हणाला तर ऐकू नका. दुसरं कारण यार्डातलं. महिनोन् महिने एकाच जागी उभ्या गाडीच्या टायरला खालून चपटेपणा येतो. वीस-तीस किलोमीटर चालून टायर गरम झाल्यावर तो बऱ्याचदा निघून जातो, म्हणून टेस्ट ड्राइव्हच्या पहिल्या पाच किलोमीटरवरून काही ठरवू नये. हवाही कंपनीने सांगितलेल्या आकड्याइतकीच आहे का ते निघण्याआधी, टायर थंड असताना बघावं. यार्डात उभ्या गाड्यांमध्ये ती बऱ्याचदा जास्त भरलेली असते.

आता रस्ता. गाडीच्या माथी मारला जाणारा निम्मा दोष आपल्या जमिनीचा असतो. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज असतं. ते पावसात पाणी धरून फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या त्यामुळेच. हीच माती रस्त्याखाली नीट न बांधता राहिली, तर डांबराला लांब-लांब लाटा येतात. अशा लाटांवर गाडीची बॉडी सेकंदाला एक-दीड वेळा डुलते. ही हालचाल मळमळ आणते, पण तिला कुणी थरथर म्हणत नाही.

काँक्रीट रस्त्याची गोष्ट वेगळी. भारतात काँक्रीटच्या रस्त्याला सर्वसाधारणपणे साडेचार मीटरवर आडवे जोड ठेवतात. ताशी ८० ने गेलं की सेकंदाला पाच जोड, १०० ला सहा, १२० ला सात ते साडेसात. माणूस उभ्या दिशेच्या कंपनांना सर्वाधिक संवेदनशील कुठे असतो हे आयएसओ २६३१ या आंतरराष्ट्रीय मानकात दिलं आहे: सेकंदाला ४ ते ८ वेळा. या पट्ट्यात पोटातले अवयव आणि पाठीचा कणा स्वतःच अनुनादात येतात. म्हणजे जोडांवर ‘टक-टक’ होत जाताना कंबर आखडते ती काही मनाची समजूत नाही. याचा उपाय वर्कशॉपमध्ये नाही. स्प्रिंग, शॉकअप आणि सीट कंपनीने कशा निवडल्या यावर सगळं अवलंबून आहे, आणि त्या आपल्या हातात नाहीत. घरात मणक्याचं दुखणं असलेलं कुणी असेल किंवा गरोदर सून-लेक असेल, आणि काँक्रीटवर ही गाडी मागच्या सीटवर उडवते असं जाणवलं, तर मी ती घेऊ नका असंच सांगेन. मागच्या सीटवर बसून बघा म्हणजे झालं. खरेदी करणारा माणूस नेहमी स्टिअरिंगवर बसून गाडी पसंत करतो आणि प्रवास म्हातारी माणसं मागे बसून करतात, हे मला फार खटकतं.

इंजिनाबद्दल थोडक्यात. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या, म्हणजे त्याच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, एका फेरीत दोन स्फोट होतात. मिनिटाला ८०० फेऱ्यांवर उभ्या गाडीत सेकंदाला सुमारे २७ धक्के, २००० फेऱ्यांवर ६७. सिग्नलला उभं असताना सीट बारीक गुणगुणत असेल तर इंजिन माउंटिंगकडे बघायचं. ते बदलता येतं.

शाफ्टची थरथर मात्र गंभीर घ्यावी. मागच्या चाकांना ताकद देणारा प्रोपेलर शाफ्ट चाकाच्या सुमारे चौपट वेगाने फिरतो, म्हणजे ताशी १०० ला सेकंदाला ४५ च्या आसपास. त्याच्या टोकाचा क्रॉस, म्हणजे वाकता सांधा, चुकीच्या कोनात असेल तर धक्के दुप्पट, नव्वदच्या घरात. ही थरथर हाताला कमी आणि तळपायाला, सीटखाली जास्त लागते, सोबत घुमल्यासारखा आवाज असतो. शाफ्ट वाकडा किंवा बॅलन्सला कमी असेल तर बदलून काम होतं. कोनच मूळ रचनेतला असेल तर प्रत्येक सर्व्हिसला पट्ट्या घालून कोन बदलण्याचे प्रयोग होतात आणि मालक थकतो.

सर्वांत फसवी थरथर हवेची. तीन रांगांची केबिन आतून साधारण तीन मीटर लांब असते. एवढ्या लांबीच्या बंद जागेतली हवा सेकंदाला ५७ च्या आसपास स्वतःच्या लयीत पुढे-मागे हलते. इंजिन १७०० फेऱ्यांवर आलं की त्याचे स्फोटही तेवढेच, आणि कानात दडा बसल्यासारखं वाटतं. याहून खोल दाब छताचा पत्रा हलल्याने येतो. अमेरिकेत शेवरोले टाहो, कॅडिलॅक एस्केलेड या अवाढव्य गाड्यांच्या २०१५ च्या पिढीबद्दल मालकांनी नेमकी अशीच तक्रार केली होती: आवाज फारसा नाही, पण कान दुखतात, डोकं जड होतं. छताच्या पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्यांना धरणारा चिकट थर सुटणं हे त्याचं एक कारण निघालं, आणि तो पुन्हा चिकटवण्याची सूचना वर्कशॉपना दिली गेली. अशा गाडीची चाकं कितीही वेळा बॅलन्स केली तरी काही उपयोग नव्हता. दोष शोधायचा तर आधी आकडा हवा, तो याचसाठी.

आकडा काढायला मोबाइल पुरतो. त्यात त्वरण मोजणारा सेन्सर असतोच. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्र विद्यापीठात तयार झालेलं फायफॉक्स हे मोफत अ‍ॅप त्याची मोजणी घेऊन आलेखात कोणत्या गतीला शिखर येतं, म्हणजे थरथर सर्वांत जास्त आहे, ते दाखवतं. फोन हातात धरायचा नाही, हात कंपन गिळतो. सीटच्या लोखंडी पट्टीजवळ, फरशीवर दुहेरी चिकटपट्टीने बसवायचा आणि हे काम शेजारच्याने करायचं, चालवणाऱ्याने नाही. फोन सेकंदाला १०० वेळा मोजत असेल तर ५० पर्यंतची कंपनं दिसतात. चाकासाठी एवढं भरपूर आहे, वरच्या घुमण्यासाठी कान वापरावा.

मग रिकामा सरळ रस्ता बघून, वेगमर्यादेच्या आत, ज्या वेगाला थरथरते तोच वेग धरून गिअर बदला. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये. वेग तोच, इंजिनाच्या फेऱ्या वेगळ्या. थरथर तशीच राहिली तर चाक किंवा शाफ्ट, बदलली तर इंजिन. नंतर तोच वेग डांबरी आणि काँक्रीट अशा दोन्ही रस्त्यांवर धरा. डांबरावर गायब झाली तर रस्ता. एका जागी उभं राहून तेवढ्याच फेऱ्या दिल्यावरही घुमली तर इंजिन किंवा केबिन. शेवटी मागची एक काच थोडी उघडा. कानातला दाब एकदम बदलला तर हवेचा खेळ आहे हे समजा. पूर्ण उघडू नका, कारण एकट्या उघड्या काचेने कोणत्याही चांगल्या गाडीत सेकंदाला पंधरा-वीस वेळा धपधप होतेच.

ही चाचणी शोरूमच्या डेमो गाडीवर करून भागत नाही. अनुनादाचा पट्टा अरुंद असतो. रबराचा कडकपणा, टायरची गोलाई, शाफ्टचा कोन यांत थोडा फरक पडला की एकाच मॉडेलची एक गाडी शांत आणि दुसरी त्रासदायक निघते. ज्या चेसिस नंबरची गाडी तुम्हाला मिळणार तीच, पैसे पूर्ण भरण्याआधी आणि नोंदणीआधी, चाळीस-पन्नास किलोमीटर चालवून द्या असा आग्रह धरावा. नकार मिळाला तर, मॉडेलमध्ये थरथरीचा दोष आहे हे आधीच माहीत असताना, मी तरी पैसे भरणार नाही.

चाचणीत बाराच्या आसपासचं शिखर आलं आणि बॅलन्सिंगनंतर किंवा टायर-रिम बदलल्यावर बसलं, तर गाडी खुशाल घ्या. पंचेचाळीस-नव्वदचं घुमणं असेल तर शाफ्ट बदलून पुन्हा चालवल्याशिवाय नको. छताचा किंवा हवेचा दाब असेल आणि कंपनीकडे त्यावरची ठरलेली दुरुस्ती लेखी मिळत नसेल, तर दुसरं मॉडेल बघा. लांबच्या प्रवासात या दाबाइतकं थकवणारं दुसरं काही नाही.

गाडी आधीच घेतली असेल तरी हाच आकडा कामाला येतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेल्या वस्तूची तक्रार जिल्हा आयोगात करता येते, आणि ती आपण राहतो त्या जिल्ह्यात. गाडी पुण्याच्या शोरूममधून घेतली असली तरी परभणीचा माणूस परभणीत तक्रार करू शकतो. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. फर्मच्या नावावर घेतलेल्या गाडीबाबत व्यावसायिक वापराचा मुद्दा समोरची बाजू हमखास काढते, तेवढं खरेदीच्या वेळीच लक्षात घ्यावं. आणि जॉबकार्डवर नुसतं ‘व्हायब्रेशन’ लिहू देऊ नका. ‘९५ ते १०५ च्या वेगाला, गिअर बदलला तरी कायम, डांबर आणि काँक्रीट दोन्हींवर, सेकंदाला १२ च्या आसपास’ असं लिहायला लावा, आणि त्याची प्रत घेऊनच वर्कशॉपमधून निघा.