फुटबॉल गेममधील भौतिकी

फुटबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये चेंडूची गती, फिरकी व उसळी तसेच खेळाडूंचा तोल, धडक व पडणे या गोष्टी आधी तयार केलेल्या हालचालींऐवजी गणिताने ठरविण्याची पद्धत. आरंभीच्या बऱ्याच गेममध्ये चेंडू पळणाऱ्या खेळाडूच्या पायाला चिकटलेलाच असे. तो पायापासून मोकळा करणाऱ्या गेमपैकी डिनो डिनी यांचा ‘किक ऑफ’ (1989) विशेष उल्लेखनीय होय.

हवेतील चेंडूवर गुरुत्वाकर्षण, हवेचा रोध आणि फिरकीमुळे उत्पन्न होणारे बाजूचे बल अशी तीन बले मुख्यतः धरतात. यांपैकी तिसऱ्यास मॅग्नस परिणाम म्हणतात. मात्र या नावाबाबत मतभेद आहे. तिरप्या रॅकेटने मारलेला टेनिसचा चेंडू वळतो, हे न्यूटन यांनी 1672 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रात नोंदविले होते. बेंजामिन रॉबिन्स यांनी 1742 च्या सुमारास बंदुकीच्या गोळीचे भरकटणे तिच्या फिरकीशी जोडले, तर हाइन्रिख मॅग्नस यांचे प्रयोग 1852 च्या आसपासचे आहेत. त्यामुळे काही लेखक यास रॉबिन्स यांचे नाव देतात आणि कालक्रम पाहता ते अधिक न्याय्य वाटते. 3 जून 1997 रोजी ब्राझीलचे खेळाडू रोबेर्तो कार्लोस यांनी फ्रान्सविरुद्ध सुमारे 35 मीटरांवरून मारलेली फ्री किक हे या परिणामाचे सर्वांत परिचित उदाहरण आहे.

टक्कर ओळखणे हा गणनेतील नाजूक भाग होय. सेकंदाला 30 मीटर वेगाने जाणारा चेंडू सेकंदाच्या साठाव्या भागात, म्हणजे एका फ्रेममध्ये (पडद्यावरील एका चित्राच्या अवधीत), 50 सेंमी. सरकतो. चेंडूचा व्यास सुमारे 22 सेंमी. आणि गोलखांबाची जाडी फार तर 12 सेंमी. असल्याने केवळ फ्रेमगणिक स्थान तपासले, तर चेंडू खांबाला न लागता त्यातून पार गेलेला दिसू शकतो. म्हणून दोन स्थानांमधला संपूर्ण मार्ग तपासावा लागतो.

खेळाडूचे शरीर सांध्यांनी जोडलेल्या कठीण भागांचे मानून धडकेचा परिणाम काढतात. ‘फिफा 12’ (2011) पासून यावर विशेष भर दिसतो.

जमिनीचा विचार मात्र तोकडाच राहिला आहे. मैदानभर घर्षण व उसळीचे प्रमाण सहसा एकच धरतात. विदर्भातल्या खेड्यांत, विशेषतः वऱ्हाडच्या काळ्या मातीत, पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडे) उपटून मोकळ्या झालेल्या वावरात खेळणाऱ्या मुलांना ही उणीव मोबाइलवर चटकन जाणवते. उन्हाळ्यात ही माती आकसून भेगाळते. भेगेच्या काठावर टप्पा पडला की चेंडू एकाएकी बाजूला उडतो, ढेकळाला लागला की वर उसळतो आणि राहून गेलेल्या पऱ्हाटीच्या खुंटाला अडला की जागीच थांबतो. पहिल्या पावसानंतर तीच माती फुगून चिकट होते, चेंडू जड होतो आणि लांब पास निम्म्यावरच विरतो. पूर्व विदर्भातील धानाच्या बांध्यांत (भातखाचरांत) कापणीनंतर उरलेल्या धसकटांमुळे घरंगळणाऱ्या चेंडूची दिशा आणखी वेगळ्या तऱ्हेने बदलते. असे दर फुटाला पालटणारे पृष्ठ मांडायचे, तर मैदानाचे लहान चौकोन पाडून प्रत्येकास स्वतंत्र घर्षण, उंची व उसळी द्यावी लागेल.