‘मा’ या अक्षराचे अर्थ किती?

‘जगभर “मा” म्हणजे आई, म्हणून साऱ्या भाषा एकाच मुळातून निघाल्या’ हा युक्तिवाद वारंवार कानावर येतो. जॉर्जियन भाषेत मात्र ‘मामा’ म्हणजे वडील आणि ‘देदा’ म्हणजे आई. स्वराच्या लांबीतला व छटेतला बारीक फरक बाजूला ठेवला, तर ‘मा’ म्हणजे संस्कृतात ‘नको’, इटालियनमध्ये ‘पण’, हंगेरियनमध्ये ‘आज’, जपानीत दोन गोष्टींमधले अंतर आणि प्राचीन सुमेरियनमध्ये ‘होडी’. या अर्थांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही.

हेच अक्षर सगळीकडे का आढळते, याचे उत्तर तोंडाच्या रचनेत आहे. ओठ मिटून ‘म्ऽऽ’ असा गुंजारव करावा आणि मध्येच नाक चिमटीत धरावे. आवाज तत्काळ थांबतो, कारण या ध्वनीच्या वेळी मऊ टाळू खाली आलेला असतो आणि हवा केवळ नाकावाटे बाहेर पडते. जिभेला यात काहीच करावे लागत नाही. आता नुसता जबडा उघडला, की ‘मा’ तयार होतो. दूध पिताना ओठ गुंतलेल्या बाळालाही असा नाकातला ध्वनी काढता येतो. ‘आई’च्या शब्दांत ‘म’ इतका का आढळतो, याचे स्पष्टीकरण भाषाशास्त्रज्ञ रोमन याकोब्सन यांनी याच आधारावर दिले. म्हणजे हे साम्य वारशाने आलेले असेलच असे नाही. ते प्रत्येक पिढीतल्या बाळांच्या तोंडी नव्याने घडू शकते. या ध्वनीच्या कंपनांतच मातृत्वाची शक्ती आहे, या दाव्याला मात्र कोणताही आधार नाही.

उरलेले काम गणित करते. एखाद्या भाषेत २० व्यंजने आणि ५ स्वर असतील, तर एक व्यंजन व एक स्वर मिळून होणारी अक्षरे अवघी १०० भरतात. वारंवार लागणारे शब्द आखूड असण्याकडे भाषांचा कल असतो, आणि जगात सुमारे ७,००० भाषा आहेत. तेव्हा तीच मोजकी अक्षरे निरनिराळ्या अर्थांच्या वाट्याला येणे अटळ आहे. तीन अक्षरी शब्दांसाठी मात्र १०,००,००० जागा मिळतात, त्यामुळे योगायोग विरळ होतात. चिनी मँडरिनने सुराचा वापर करून जागा वाढवल्या: उंच, सपाट सुरातला ‘मा’ म्हणजे आई, चढता म्हणजे भांगेचे झाड, खाली जाऊन वर येणारा म्हणजे घोडा आणि उतरता म्हणजे रागे भरणे.

म्हणूनच भाषांचे नाते एकट्या शब्दावरून ठरत नाही, ते ध्वनींच्या नियमित जुळणीवरून ठरते. संस्कृत ‘पितृ’, ‘पाद’ आणि इंग्रजी ‘फादर’, ‘फूट’ यांत ‘प’च्या जागी ‘फ’ पुन्हा पुन्हा येतो, हा खरा पुरावा. याउलट, ऑस्ट्रेलियातील म्बाबारम भाषेत कुत्र्याला ‘डॉग’ असाच शब्द होता. तो इंग्रजीतून आलेला नव्हता, तर ‘गुदगा’ या तिथल्याच जुन्या शब्दाची झीज होऊन बनला होता.