समोशाच्या जोरावर परतलेली जोडी

आज पहिली-दुसरीत असलेल्या पोराला विचारा, मोटू-पतलू कधीचे? ते म्हणेल, टीव्हीवरचे. खरं तर ही जोडी त्याच्या आजोबांच्या पिढीतली. दिल्लीहून निघणारं ‘लोटपोट’ हे मुलांचं हिंदी नियतकालिक १९६९ साली सुरू झालं आणि कृपाशंकर भारद्वाज यांनी काढलेले मोटू-पतलू त्याच्या पानांवर वाढले. घसीटाराम आणि डॉक्टर झटका हे त्यांचे सोबतीही तिथलेच. व्यंगचित्रकार प्राण यांचे चाचा चौधरी १९७१मध्ये पहिल्यांदा अवतरले तेही ‘लोटपोट’मध्येच. रेल्वे स्टेशनावरच्या बुकस्टॉलवर असले अंक दोरीला लटकलेले असत. महाराष्ट्रातल्या बऱ्याच जणांचं हिंदी वाचन तिथूनच सुरू झालं.

मग केबल आलं. १९९५मध्ये कार्टून नेटवर्क भारतात सुरू झालं आणि मुलांचं मासिकांवरचं लक्ष उडालं. पडद्यावर आधी अमेरिकन मांजरं-उंदीर होते, नंतर डोरेमॉन आणि निंजा हातोडीसारखी हिंदीत बोलणारी जपानी मंडळी आली. २००८मध्ये पोगो या कार्टून वाहिनीवर ‘छोटा भीम’ सुरू झाला आणि देशी पात्रावरची मालिका वर्षानुवर्षं चालू शकते, हे वाहिन्यांना पटलं. पण भीमाला निदान महाभारतातलं नाव होतं. पुराणांबाहेरचं, मुलांच्या आईबापांना आधीच ठाऊक असलेलं पात्र शोधायचं तर जुन्या मासिकांकडेच वळावं लागणार होतं.

ऑक्टोबर २०१२मध्ये निक या मुलांच्या वाहिनीवर ‘मोटू पतलू’ सुरू झालं. निर्मिती मुंबईच्या कॉसमॉस-माया या ॲनिमेशन स्टुडिओची, दिग्दर्शन सुहास कडव यांचं, शीर्षकगीत गुलजारांचं. ‘लोटपोट’मधून उचललं काय, तर नावं, एक जाडा आणि एक बारीक ही अंगकाठी आणि दोन-तीन सोबती. बाकी सगळं नव्यानं बांधलं. फुरफुरी नगर वसवलं. दक्षिणी सिनेमाच्या थाटातला इन्स्पेक्टर चिंगम आणला. आणि मोटूला समोसा दिला: पोट रिकामं असलं की त्याच्या डोक्यातली बत्ती पेटत नाही, समोसा पोटात गेला की कुणालाही लोळवतो. पात्रं थ्रीडीत घडवली, त्यात हिशेबही होता. लाल कुर्ता-निळं जाकीट घातलेला मोटू संगणकात एकदा उभा राहिला की शेकडो भागांत तोच वापरता येतो, दर वेळी नव्यानं काढावा लागत नाही. माझ्या मते सगळ्यात भारी काम मात्र आवाजाचं. मोटू, पतलू, झटका, घसीटाराम, चिंगम, गुंड जॉन या सगळ्यांमागे सौरव चक्रवर्ती हा एकच माणूस आहे. डोळे मिटून एक भाग ऐका, खरं वाटणार नाही.

त्याच २०१२मध्ये मराठीतही एक जुना दोस्त पडद्यावर आला होता. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांच्या चित्रमालिकेतला ‘चिंटू’, १९९१मध्ये ‘सकाळ’मधून भेटीला आलेला. पण तो आला चित्रपटातून, खऱ्या मुलांना घेऊन. मोटू-पतलूचा २०१६मध्ये थ्रीडी चित्रपट निघाला, तोवर मालिका घराघरात पोचली होती. चाचा चौधरींची ॲनिमेटेड मालिका यायला २०१९ उजाडलं.

इकडे ‘लोटपोट’च्या मुखपृष्ठावरचे मोटू-पतलूही आता टीव्हीवरच्यासारखेच दिसतात, गुळगुळीत आणि चकचकीत.