कार्बन मोनॉक्साइडचे अधिशोषक

वायुमिश्रणातला कार्बन मोनॉक्साइड आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवणारे आणि दाब घटवला किंवा उष्णता दिली की तो सोडून देणारे सच्छिद्र घन पदार्थ. सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्याला हा वायू नवा नाही. पाचट, चिपाड अपुऱ्या हवेत तापवले की जो ज्वलनशील वायू निघतो, त्यात साधारण १५ ते २० टक्के कार्बन मोनॉक्साइड आणि जवळपास निम्मा नायट्रोजन असतो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने पाचट व चिपाडावर चालणारा गॅसिफायर, म्हणजे त्यांपासून असा वायू बनवणारी भट्टी, विकसित केला, तो या वायूची उष्णता वापरण्यासाठी. कार्बन मोनॉक्साइड शुद्ध मिळाला, तर मिथेनॉलच्या जोडीने त्यापासून ॲसिटिक आम्लही बनते.

खरी अडचण त्यातून नायट्रोजन वेगळा करण्याची. कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजन, दोघांचाही रेणुभार २८. उत्कलनबिंदू अनुक्रमे उणे १९१.५ आणि उणे १९५.८ अंश सेल्सिअस, रेणूंचे व्यास ०.३७६ आणि ०.३६४ नॅनोमीटर. आकारावरून चाळणे जवळपास अशक्य, द्रवरूप करून वेगळे करणे खर्चिक.

सक्रियित कोळसा स्वस्त असतो, पण कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन यांना तो अधिक घट्ट धरतो. म्हणूनच गुऱ्हाळाच्या चुलवाणापाशी किंवा ओतशाळेतल्या कुपोलाजवळ (लोखंड वितळवणाऱ्या भट्टीजवळ) साध्या कोळशाच्या मास्कवर विसंबणे जिवावर बेतू शकते. त्यासाठीच्या खास मास्कमध्ये हॉपकॅलाइट, म्हणजे मँगनीज व तांब्याच्या ऑक्साइडांचे मिश्रण, असते. ते हा वायू साठवत नाही, त्याचा कार्बन डायऑक्साइड करते.

झिओलाइट म्हणजे ठरावीक आकाराची सूक्ष्म छिद्रे असलेली ॲल्युमिनोसिलिकेट खनिजे. त्यांचे ५ए किंवा १३एक्स हे प्रकार नायट्रोजनपेक्षा कार्बन मोनॉक्साइडला पसंती देतात, मात्र कार्बन डायऑक्साइडला त्याहून जास्त. हायड्रोजनमधला कार्बन मोनॉक्साइडचा अंश काढायला ५ए उत्तम. कार्बन मोनॉक्साइड हाच माल हवा असेल, तर ते अपुरे पडते.

तिथे तांबे लागते. एकसंयुजी तांब्याचा आयन कार्बन मोनॉक्साइडकडून इलेक्ट्रॉन घेतो आणि आपले काही परत देतो. या देवाणघेवाणीतला बंध भौतिक आकर्षणाहून बळकट, तरी दाब उतरवल्यावर सुटणारा. नायट्रोजनशी असे जुळत नाही. क्युप्रस क्लोराइड हे एकसंयुजी तांब्याचे संयुग झिओलाइटमध्ये मिसळून तापवले की ते आतल्या पृष्ठभागावर एका रेणूच्या थरात पसरते. चीनमधील पेकिंग विद्यापीठात यावर मोलाचे काम झाले. आजच्या घडीला मोठ्या प्रमाणावरच्या कामासाठी हाच मार्ग सर्वांत भरवशाचा वाटतो. ओलावा आणि ऑक्सिजन हे त्याचे वैरी, कारण तांब्याचे ऑक्सिडीकरण झाले की पकड जाते.

निकेलही हा वायू धरते, पण त्यातून अतिविषारी, बाष्पनशील निकेल कार्बोनिल तयार होऊ शकते. धातूचे आयन सेंद्रिय रेणूंनी जोडून बनवलेल्या सच्छिद्र स्फटिकांपैकी, म्हणजे धातू-सेंद्रिय चौकटींपैकी, उघड्या धातुकेंद्रांच्या चौकटींची धारणक्षमता मोठी आहे. किंमत आणि काहींचा पाण्यापुढे न टिकणारा सांगाडा आड येतो.

गंधकानेही तांबे निकामी होते. चिपाडात ते फार कमी असते, ही जमेची बाजू. गॅसिफायरचा वायू मात्र ओला आणि टारयुक्त (डांबरासारख्या चिकट पदार्थाने भरलेला) निघतो. तो आधी धुऊन, वाळवून, त्यातला कार्बन डायऑक्साइड काढूनच अधिशोषकावर सोडावा लागतो, नाहीतर टारने छिद्रे बुजतात.