जोडटायर : सहाटायरी गाडीसाठी बदली टायरची निवड

जोडटायर म्हणजे मागच्या आसाच्या एका टोकाला, एकाच हबवर, शेजारी-शेजारी बसवलेले दोन टायर. पुढे दोन आणि मागे चार अशा सहा टायरांवर चालणारे छोटे ट्रक, तसेच अमेरिकेत ‘ड्यूअली’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दणकट पिकअप गाड्या या रचनेच्या असतात. अशा गाडीचे झिजलेले टायर बदलताना मोटारीचा अनुभव फारसा कामाला येत नाही. टायर कितीही नावाजलेला असो, शेजारच्या टायरशी त्याचा घेर जुळत नसेल तर दोन्ही टायर लवकर जातात. बैलगाडीच्या चाकावर चढवायच्या लोखंडी पट्टीला मराठीत ‘धाव’ म्हणतात. जोडटायरच्या बाबतीत प्रश्न खरोखर धावेचाच आहे, कारण इथे दोन धावा एकाच चाकासारख्या धावायच्या असतात.

भारतात या वर्गातली सर्वांना ठाऊक असलेली गाडी म्हणजे १९८६ मध्ये आलेली टाटा ४०७. ग्वाल्हेर भागात अशा गाड्या खाणीचा वालुकाश्म, फरशी, मंडईतली भाजी आणि लग्नसराईत मंडपाचे सामान वाहतात. ग्वाल्हेर शहराच्या लष्कर भागातल्या, मंडप आणि केटरिंगचा धंदा करणाऱ्या मराठी घरांना ही गाडी नवी नाही. १९०५ साली माधवराव शिंद्यांनी सुरू केलेल्या ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यात अलीकडच्या अनेक वर्षी वाहनकरात निम्मी सूट मिळाली, त्यामुळे पुष्कळ लोक गाडी मेळ्यातूनच उचलतात. तेव्हा सहाही टायर एका वयाचे, एका मापाचे असतात. खरी गुंतागुंत पुढे सुरू होते. पुढचे टायर आधी झिजतात, मागचा एखादा दगडाने फाटतो, घाईत मिळेल तो टायर चढतो, आणि तीनेक वर्षांत एकाच गाडीवर चार वयांचे टायर दिसू लागतात.

अमेरिकेत जनरल मोटर्सने १९७३ मध्ये जोडचाकांची पिकअप कारखान्यातूनच द्यायला सुरुवात केली. आज फोर्ड एफ-३५०, रॅम ३५०० आणि शेव्हरोले सिल्व्हरॅडो ३५०० एचडी या गाड्या जोडचाकांत मिळतात. घोड्यांचे किंवा राहण्याचे अवजड ट्रेलर ओढणे हे त्यांचे मुख्य काम. मागे चार टायर असल्यामुळे ट्रेलरचा भार पेलतो आणि वाऱ्यात गाडी डोलत नाही. गाडी तिकडची असो की इकडची, टायर निवडण्याचे गणित तेच आहे.

घेर जुळवणे

आतला आणि बाहेरचा टायर एकाच हबला नटांनी आवळलेले असतात, म्हणून दोघांचे फेरे सारखेच पडतात. त्यातला एक मोठा असेल तर एका फेऱ्यात तो जास्त अंतर कापू पाहतो. लहान टायरला तेवढे जमत नाही, आणि तो रस्त्यावर घासत जातो. उदाहरणाने हे नीट कळते. ७.५० आर १६ मापाच्या, म्हणजे साडेसात इंच रुंद आणि १६ इंची रिमवर बसणाऱ्या, टायरचा व्यास ढोबळमानाने ८०० मिलिमीटर धरला तर घेर अडीच मीटर भरतो आणि एका किलोमीटरला त्याचे सुमारे ४०० फेरे होतात. समजा बाहेर १४ मिलिमीटर खोल नक्षीचा नवा टायर टाकला आणि आत ६ मिलिमीटर उरलेला जुनाच ठेवला. त्रिज्येत ८ मिलिमीटरचा फरक पडला, म्हणजे घेरात ५० मिलिमीटरचा. दर किलोमीटरला २० मीटर घासणे आले. ग्वाल्हेरहून आग्र्यापर्यंतच्या सुमारे १२० किलोमीटरच्या वाटेत हा हिशेब जवळजवळ अडीच किलोमीटरवर जातो. एवढे अंतर टायर नुसता फरफटतो, वर मोठा टायर दोघांचा भार एकटा उचलतो.

म्हणून ८.२५ पर्यंतच्या मापांसाठी जोडीतल्या व्यासाचा फरक पाव इंचापेक्षा, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटरपेक्षा, जास्त नसावा असा टायर व्यवसायातला मान्य संकेत आहे. घेरात मोजले तर पाऊण इंच, १९ मिलिमीटर. यापेक्षा मोठ्या ट्रकच्या टायरला याच्या दुप्पट सूट असते. फरक ठेवणे अगदीच भाग असेल तर मोठा टायर बाहेर आणि लहान आत घालतात. रस्ता मधोमध उंच आणि कडेला उतरता असतो, त्यामुळे आतल्या टायरखाली जमीन किंचित वर येते आणि त्याच्यावर आधीच थोडा जास्त भार पडतो.

मोजायला काही खास लागत नाही. ग्वाल्हेरच्या ट्रान्सपोर्ट नगरात मी एका म्हाताऱ्या मिस्त्रीला हे काम करताना पाहिले आहे. टायर उभा करून तो नक्षीच्या मधल्या रेघेवरून सुतळी फिरवी, टोकाला टोक आले की सुतळीवर चुन्याची खूण करी आणि तीच सुतळी दुसऱ्या टायरवर फिरवून खूण कुठे येते ते बोटाने दाखवी. माझ्यासोबत आलेल्या शेजारच्या काकांनी विचारले, नवा टायर आत टाकायचा की बाहेर? मिस्त्रीने उत्तर न देता दोन खुणांमधली दोन बोटांची फट त्यांच्यासमोर धरली. काकांनी दोन टायर घेतले. शिंप्याची कापडी टेप वापरली तर आकडा लिहूनही ठेवता येतो. मोजण्याआधी दोन्ही टायरांत सारखी हवा भरलेली असावी, नाहीतर माप फसते.

उजव्या आणि डाव्या जोडीतही फार अंतर चालत नाही. तसे झाले तर सरळ रस्त्यावरसुद्धा डिफरेन्शियल (वळणावर दोन्ही बाजूंच्या चाकांना वेगवेगळे फेरे घेऊ देणारी गिअरपेटी) सतत काम करत राहते आणि त्याचे गिअर तापतात.

भाराचा आकडा

टायरच्या बगलेवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, मापाशेजारी १२०/११७ असा जोडआकडा असतो. पहिला आकडा टायर एकटा लावला तर, दुसरा जोडीत लावला तर. अमेरिकी ड्यूअलीच्या एलटी २३५/८० आर १७ या प्रचलित मापात १२० म्हणजे १,४०० किलो आणि ११७ म्हणजे १,२८५ किलो. मागच्या चार टायरांचा हिशेब १,२८५ ला चारने गुणून करायचा. तो ५,१४० किलो येतो. कोणी पहिलाच आकडा धरून ५,६०० किलो मोजले तर ४६० किलोची फसगत होते. जोडीत क्षमता कमी धरण्याचे कारण वर आलेच आहे. हवा, झीज आणि रस्त्याचा उतार यांमुळे दोन टायर भार कधीही अगदी निम्मा-निम्मा वाटून घेत नाहीत.

त्याच्यापुढचे अक्षर वेगाचे असते. जे म्हणजे ताशी १००, एल म्हणजे १२०, आर म्हणजे १७० किलोमीटर. आपल्याकडे बोलताना लोक पीआरचा (प्लाय रेटिंगचा) आकडा सांगतात, ‘सोळा पीआर टाका’ वगैरे. त्याचा अर्थ टायरमध्ये खरोखर सोळा थर आहेत असा नाही. ती ताकदीची जुनी श्रेणी आहे, आणि गाडीला लागणाऱ्या श्रेणीपेक्षा खालचा टायर स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नये.

टायर ‘भारी’ करण्याचा मोह

७.५०च्या जागी ८.२५ चढवून गाडी मजबूत झाली असे मानणारे पुष्कळ आहेत. पुढच्या चाकाला हे कदाचित निभेल, जोडीला निभत नाही. दोन टायरांमधली फट रिमच्या घडणीवरून ठरलेली असते. रुंद टायर घातले की ती आक्रसते आणि माल भरल्यावर दोन्ही टायरांच्या फुगलेल्या बगला एकमेकींवर घासतात. फटीतून वारा फिरणे थांबते. शिवाय मोठ्या मापाला रिमची रुंदीही वेगळी लागते. फट पुरेशी असली तरी ग्वाल्हेरच्या खाणरस्त्यांवर तिच्यात दगड अडकतो आणि चाकाबरोबर फिरत दोन्ही बगला कापतो. सुज्ञ चालक थांबला की गाडीमागे वाकून आधी फटीत पाहतो.

नायलॉन, रेडियल आणि नक्षी

बाजारात ‘नायलॉन’ म्हणतात तो तिरक्या थरांचा टायर. त्याची बगल जाड असते, खाणीच्या वाटेवर मार सोसते, किंमतही कमी. रेडियल थंड चालतो, डिझेल वाचवतो आणि जास्त किलोमीटर देतो; लांबच्या डांबरी रस्त्याला तोच घ्यावा. एका आसावर दोन्ही मिसळणे मात्र चूक आहे. भाराखाली त्यांचे दबणे आणि वळणे वेगळे असते, मग घेर सुतळीने जुळवूनही उपयोग होत नाही.

नक्षीत रिब म्हणजे लांबट सरळ रेघांची, ती पुढच्या चाकांना वळायला सोपी. लग म्हणजे आडव्या जाड ठोकळ्यांची, ती मागे पकड देते. सहाही टायर एकाच नक्षीचे ठेवले तर पुढचे मागे नेता येतात, आणि छोट्या मालकासाठी ही सोय मोठी आहे. दोनच नवे टायर परवडत असतील तर ते पुढे लावावेत. पुढून निघालेले दोन एकाच बाजूला जोडी म्हणून बसवावेत, एक उजवीकडे आणि एक डावीकडे असे वाटू नयेत. आणि दुसऱ्या बाजूच्या जोडीशी त्यांचे माप पडताळावे.

झिजल्यावर नवे रबर चढवलेले टायर मागे चालतात, पुढे लावू नयेत. चढवून घेतानाही जोडीचे दोन्ही टायर एकदमच द्यावेत, म्हणजे घेर सारखा येतो.

ऊन आणि हवा

ग्वाल्हेरला मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. जोडीतला आतला टायर ब्रेक ड्रमला चिकटून असतो, त्याला वारा कमी लागतो आणि तो डोळ्यांना दिसतही नाही. त्याची हवा कमी झाली तरी बाहेरचा टायर गाडी उचलून धरतो, त्यामुळे चालकाला पत्ता लागत नाही. ठरलेल्या हवेपेक्षा वीस टक्के कमी, म्हणजे ८० पाउंडांच्या जागी ६४, असलेला टायर पंक्चरच समजावा. तो तसाच पळवला तर बगल आतून शिजते.

आमच्या घरच्या गाडीला हे एकदा झाले. मंडपाचे बांबू आणि कनाती भरून गाडी दतियाकडे निघाली होती. निघताना वडिलांनी बाहेरच्या टायरवर लाथ मारून पाहिली, टणक लागला, निघालो. डबऱ्याच्या पुढे रबर जळाल्याचा वास आला. उतरून पाहिले तर आतला टायर रिमवर चिंध्या होऊन गुंडाळला गेला होता, आणि बाहेरचा एवढा तापला होता की हात लावता येईना. तो फुटला नाही, पण पुढे महिनाभरात त्याच्या बगलेवर फोड आला आणि काढावा लागला. गेला एक टायर असे आम्ही धरले होते, गेले दोन.

हातोडी मारून आवाज ऐकण्याची पद्धत जुनी आहे. साफ बसलेला टायर तिने कळतो, ८० आणि ६० मधला फरक कळत नाही. त्याला मीटरच लागतो. म्हणून नवे टायर बसवतानाच आतल्या टायरच्या वॉल्व्हला लांब नळी लावून घ्यावी आणि दोन्ही वॉल्व्ह एकमेकांसमोर, अर्ध्या फेऱ्याच्या अंतरावर येतील असे चाक बसवायला सांगावे, म्हणजे बाहेरच्या चाकाच्या डिस्कच्या भोकातून हात पोचतो. हवा सकाळी, टायर थंड असताना पाहावी. भर दुपारी मीटर चढलेला दिसला म्हणून हवा सोडणे ही उन्हाळ्यातली फार मोठी चूक आहे. टायर थंड झाला की तो कमी हवेचा होतो, आणि दुसऱ्या दिवशी आणखी तापतो.

खरेदी करताना

बगलेवरच्या चार आकड्यांतले पहिले दोन बनवल्याचा आठवडा सांगतात आणि शेवटचे दोन वर्ष. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. जोडीचे दोन्ही टायर जवळपासच्या तारखेचे मागावेत. भारतात मालवाहू गाडीच्या टायरवर आयएस १५६३६ हा मानक क्रमांक आणि आयएसआयचे चिन्ह असावे लागते. कायद्याने नक्षी किमान १.६ मिलिमीटर उरली पाहिजे. माल वाहणाऱ्याने एवढी वाट पाहू नये, कारण पावसात पकड त्याच्या आधीच सुटू लागते. ग्वाल्हेरपासून जवळच, मुरैना जिल्ह्यातल्या बानमोरला जेके टायरचा कारखाना आहे, पण टायर जवळ बनतो एवढ्यावरून दुकानातला टायर ताजा धरू नये. तारीख वाचावी. ट्यूबवाला टायर असेल तर ट्यूब आणि फ्लॅपही (ट्यूब आणि रिम यांच्यामधली रबरी पट्टी) नवे घ्यावेत. जुनी ट्यूब ताणून सैल झालेली असते आणि नव्या टायरात तिची घडी पडते.

स्टेपनीचा विचार बहुतेक जण शेवटी करतात. सहाटायरी गाडीत ती कधी ना कधी जोडीतच लागणार असते, म्हणून तिचा घेर मागच्या टायरशी जुळायला हवा. निम्म्या झिजलेल्या जोड्यांच्या गाडीला कोरी करकरीत स्टेपनी शोभते, उपयोगी पडत नाही. चारही मागचे टायर एकदम बदलले तर काढलेल्यांतला सर्वांत चांगला स्टेपनीला ठेवतात, पण तेवढ्यात नव्यांशी त्याचा मेळ तुटलेला असतो. तो लावून गाडी हळू, कमी भाराने, पंक्चरच्या दुकानापर्यंतच न्यावी.

चाके चढवताना दोन डिस्कांच्या मधल्या पृष्ठावरचा गंज, चिखल आणि रंगाचे पापुद्रे खरवडून काढतात. ते दबले की नट सैल पडतात. म्हणून नट क्रमाने, समोरासमोरचे आवळतात, आणि पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर गाडी थांबवून पान्याने पुन्हा एकदा आवळून घेतात.